सामना संपल्यावर किल्ली कोणाकडे?

"टीचर, वर्ल्ड कपची मॅच आपल्या बोईसरला का होत नाही?" आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले आणि सगळा वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. मोठी स्पर्धा कुठे होणार हे कोण ठरवते, कशावरून ठरवते आणि ठरल्यानंतर त्या गावाच्या हाती काय लागते, हे आपल्या मुलांना कळायला हवे. घरातल्या मोठ्यांनाही कळायला हवे.

आपला दांडी, नवापूर, तारापूरचा पट्टा निवडला जाण्याला नवखा नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली इथे सुरू झाले. पुढे एमआयडीसी आली. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आता वाढवणचे बंदर आणि बोईसरचे बुलेट ट्रेन स्थानक यांची चर्चा प्रत्येक ओट्यावर आहे. बाहेरचे कोणी येऊन जागा निवडते तेव्हा काय येते आणि काय जाते, हा हिशेब आपल्या वाडवडिलांनी केलेला आहे. फुटबॉलच्या मैदानालाही तोच हिशेब लावून पाहू या.

विश्वचषक आपल्यापासून फार लांब झालेला नाही. बोईसरहून गाडीने दादर, पुढे कुर्ला आणि तिथून हार्बर लाइनने नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. दिल्ली, कोलकाता, नवी मुंबई, मडगाव, कोची आणि गुवाहाटी अशी सहा शहरे त्या स्पर्धेसाठी निवडली होती. इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० असे हरवले ते मडगावला. नेरूळला २५ ऑक्टोबरला उपांत्य सामना झाला आणि स्पेनने मालीला ३-१ ने हरवले. पुढे २०२२ च्या सुरुवातीला महिलांचा आशिया चषक नेरूळ, अंधेरी आणि पुण्याच्या बालेवाडीत झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नेरूळलाच झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले.

मग बोईसर का नाही? उत्तर सरळ आहे. फिफाची माणसे शहर पाहायला येतात तेव्हा फक्त मैदान पाहत नाहीत. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असे सपाट हिरवळीचे मैदान तर हवेच. शिवाय रात्रीच्या सामन्याला पुरतील असे दिवे, खेळाडूंच्या खोल्या, प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र खुर्ची, गर्दी झटपट बाहेर पडेल इतके दरवाजे, जवळ मोठे रुग्णालय, संघांना उतरायला हॉटेले आणि विमानतळ लागतो. सरावासाठी वेगळी मैदाने लागतात, आणि तीही सामन्याच्या मैदानाइतक्याच तोलाची. एवढे सगळे एका जागी असणारी शहरे देशात मोजकीच आहेत. यात बोईसरचा अपमान काही नाही.

पण या यादीकडे पुन्हा एकदा नीट पाहा. यातली बहुतेक कलमे पाहुण्यांच्या सोयीची आहेत. स्पर्धा महिनाभराची, पाहुणे महिनाभराचे. त्यांनी त्यांच्या गरजेचे निकष लिहिले, हे योग्यच आहे. स्पर्धेनंतर तिथेच राहणाऱ्या माणसांच्या गरजेचे निकष मात्र तिथल्याच लोकांनी लिहायचे असतात.

स्पर्धेच्या निमित्ताने चांगली कामे होतात, हे आधी मान्य केले पाहिजे. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ चे. एकेकाळी तिथे लाखाहून अधिक माणसे बसत. २०१७ च्या स्पर्धेसाठी तिथले कृत्रिम गवत काढून खरी हिरवळ लावली आणि सगळीकडे खुर्च्या बसवल्या. त्यामुळे जागा कमी झाल्या आणि अंतिम सामना ६६ हजारांवर प्रेक्षकांनी पाहिला. कोचीत तर फिफाने प्रेक्षकांची संख्या २९ हजारांवर आणली. तिथल्या फुटबॉलवेड्या लोकांना ते फार लागले, पण कारण सुरक्षेचे होते. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉलच्या सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण गेले होते. अलीकडे, १ ऑक्टोबर २०२२ ला, इंडोनेशियातल्या कांजुरुहान स्टेडियममध्ये अश्रुधुरानंतर पळापळ झाली, दरवाज्यांशी माणसे अडकली आणि १३५ जीव गेले. ज्या घरातला मुलगा सामना पाहायला जातो, त्या घरातल्या आईला खुर्च्या दोन हजार कमी झाल्याचे दुःख नसते. तो रात्री घरी परत यावा, एवढेच तिला हवे असते.

गुवाहाटीची गोष्ट आपल्याला लगेच समजेल. माली आणि घानाचा उपउपांत्य सामना तिथे पावसात झाला. मैदानात पाणी साचले, चेंडू जागीच अडकू लागला. इंग्लंड आणि ब्राझीलचा उपांत्य सामनाही तिथेच व्हायचा होता, तो ऐन वेळी कोलकात्याला हलवावा लागला. तिकिटे काढून बसलेल्या गुवाहाटीकरांची किती निराशा झाली असेल! मैदान वरून कितीही हिरवेगार दिसले तरी त्याची खरी परीक्षा खालच्या निचऱ्यात असते. आपल्याकडच्या पावसात ज्यांनी शाळेच्या पटांगणाचे तळे झालेले पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

खर्चाची दुसरी बाजू कोचीत दिसली. तिथल्या स्टेडियमच्या बैठकांखाली दुकाने होती. सुरक्षेसाठी ती स्पर्धेच्या काळात बंद ठेवायचे ठरले. दुकानदार न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते, की सामना जगाचा आहे, पण भाडे, नोकरांचा पगार आणि घरखर्च आमचाच आहे. बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या कोणत्याही माणसाला हे पटेल.

आता मुख्य प्रश्न. स्पर्धा आली, गाजली आणि गेली. २०१७ ची स्पर्धा १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये बसून पाहिली. १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी तोवरचा तो विक्रम होता. त्यातले आपल्या मुलांच्या हाती काय उरले?

महाराष्ट्रात त्या वर्षी १५ सप्टेंबरला, शुक्रवारी, एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम झाला. शाळाशाळांना चेंडू मिळाले. आमच्या भागातल्या उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या शाळांत त्या दिवशी उत्साह होता. ज्यांनी कधी पायाने चेंडू मारला नव्हता अशा मुलीही ओढणी कमरेला बांधून धावल्या. उपक्रम चांगलाच होता. पण पुढच्या आठवड्यात काय? ज्या शाळेला मैदान होते तिथला चेंडू खेळून खेळून फाटला. जिथे मैदान नव्हते तिथला चेंडू कपाटात गेला आणि हवा जाऊन बसला. मला विचाराल तर फाटलेला चेंडू ही त्या उपक्रमाची खरी कमाई.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असावे असे स्पष्ट लिहिले आहे. वर्गखोली आणि स्वच्छतागृहाच्या बरोबरीने मैदान आहे. आपण पालकसभेत निकाल विचारतो, गणवेश विचारतो, मैदान मात्र क्वचित विचारतो.

नेरूळचे स्टेडियम सुंदर आहे, पण ते मूळचे क्रिकेटचे आणि खासगी मालकीचे आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो त्याच मैदानावर, आणि त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेपुरते ते फुटबॉलचे होते आणि नंतर पुन्हा आपल्या मूळ कामाला लागले. मुंबईचा आयएसएलमधला संघ २०१६ पासून अंधेरीच्या महापालिकेच्या संकुलात खेळू लागला, जिथे प्रेक्षक काही हजारच मावतात. म्हणजे विश्वचषकाने आपल्याला आठवणी दिल्या, सवय दिली नाही.

सवय पाहायची असेल तर कोल्हापूरला जावे. तिथल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर कधी विश्वचषकाचा सामना झालेला नाही. पण पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ तिथे वर्षानुवर्षे भिडतात आणि सामन्याला अख्खी पेठ लोटते. तालीम म्हटली की आपल्याला कुस्ती आठवते, पण कोल्हापुरात तालमीने फुटबॉलही आपला केला. २०१७ च्या भारतीय संघात खेळलेला अनिकेत जाधव हा त्याच कोल्हापूरचा. पुढे बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. खेळाडू मोठ्या स्टेडियममध्ये दिसतो, पण तयार होतो तो रोज संध्याकाळी उघड्या असणाऱ्या मैदानावर.

जगातही हाच अनुभव आहे. ब्राझीलने २०१४ च्या विश्वचषकासाठी १२ शहरांत स्टेडियमे सज्ज केली. अमेझॉनच्या जंगलातल्या मनाउसच्या नव्या स्टेडियममध्ये त्या स्पर्धेचे अवघे चार सामने झाले. राजधानी ब्राझिलियाच्या महागड्या स्टेडियमच्या आवारात पुढच्याच वर्षी शहराच्या बस उभ्या राहू लागल्या. कतारने २०२२ साठी निदान एक वेगळा विचार केला. दोहातले एक स्टेडियम ९७४ कंटेनर वापरून असे उभारले, की ते सुटे करून दुसरीकडे नेता यावे. त्याचे नावही ९७४ आणि कतारचा फोनचा कोडही तोच. आखातात माणूस असलेल्या आपल्या घरांना तो पाठ असेल. पण त्याच कतारच्या बांधकामांवर भारत, नेपाळ, बांगलादेशच्या मजुरांनी कसल्या उन्हात आणि कोणत्या हालांत काम केले, यावर जगभर वाद झाला. झगमगाट पाहताना तेही विसरू नये. २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियात होणार आहे. आपली मुले तिथे प्रेक्षक म्हणून जातील, तशी कामगार म्हणूनही जातील. त्यांच्यासाठी कामाचे तास, पाणी आणि पगाराची तारीख ही स्कोअरइतकीच महत्त्वाची बातमी असेल.

आणि नाही म्हणणारेही असतात. २०२६ च्या स्पर्धेसाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतली १६ शहरे निवडली गेली, त्यांत शिकागो नाही. १९९४ च्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना शिकागोतच झाला होता, पण २०१८ मध्ये त्या शहराने माघार घेतली. फिफाच्या अटींमुळे करदात्यांवर किती बोजा पडेल याची खात्री मिळत नाही, असे तिथल्या महापौरांच्या कार्यालयाने सांगितले. हिशेब मागणे म्हणजे खेळाचा द्वेष करणे नव्हे.

आता आपल्या घरांसाठी सर्वांत जवळचा मुद्दा. मैदान कोणासाठी तयार करायचे हे ठरवताना आपल्या डोळ्यांसमोर कोण असते? बहुतेक वेळा फक्त मुलगा. सौदी अरेबियात १२ जानेवारी २०१८ ला महिलांनी पहिल्यांदा जेद्दाच्या स्टेडियममध्ये बसून सामना पाहिला. त्याआधी रियाध, जेद्दा आणि दम्माम इथल्या स्टेडियममध्ये कुटुंबांसाठी वेगळी प्रवेशद्वारे, बैठका आणि स्वच्छतागृहे केली गेली. तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये १० ऑक्टोबर २०१९ ला हजारो महिला तिकिटे काढून आल्या. सुमारे चार दशके त्या दारापासून दूर ठेवलेल्या होत्या. मैदानावरही तेच. डोके झाकून खेळायला फुटबॉलच्या नियमांत २०१४ साली रीतसर परवानगी मिळाली. ३० जुलै २०२३ ला मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून विश्वचषकात उतरली. मोठ्या महिला विश्वचषकात असे पहिल्यांदाच झाले. आपला पोशाख आणि आपला खेळ यांतले एक निवड, असे तिला कोणी म्हणू शकले नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून मोलाचे आहे. नेरूळच्या स्टेडियमपासून पारसिकच्या डोंगरापलीकडे मुंब्रा आहे. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि असतील त्या मोकळ्या जागा मुलांच्या ताब्यात. तिथल्या ‘परचम’ या गटाच्या मुलींनी फुटबॉल खेळायचे ठरवले. हिंदू आणि मुसलमान मुली एकाच संघात आल्या. कोणी बुरखा काढून खेळली, कोणी हिजाबात. अडचण चेंडूची नव्हती, जागेची होती. मग त्यांनी लोकांकडे जाऊन सह्या गोळा केल्या आणि मुलींना खेळायला मैदान हवे, अशी मागणी लोकप्रतिनिधींपर्यंत नेली. ती ऐकली गेली. नेरूळचे ठिकाण फिफाने निवडले. मुंब्र्याचे ठिकाण तिथल्या मुलींनी स्वतः निवडले.

भारताच्या मुली २०२२ च्या विश्वचषकात भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५. यजमान असल्यामुळे त्यांना स्पर्धेत जागा मिळाली होती. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वयात समोरच्या मुली रोज हिरवळीवर सराव करत होत्या, त्या वयात आपल्या किती मुलींना दारातून बाहेर पडून चेंडू खेळण्याइतकी जागा होती, हे आधी विचारावे.

दांडीत मुले ओहोटी पाहून खेळतात. भरती आली की सामना संपतो, आणि एका बाजूला बांबूंवर बोंबील सुकत असतात म्हणून चेंडू तिकडे मारायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांचा खेळ पाहायला मला आवडते. पण त्या खेळात मुली जवळजवळ नसतात. पावसाळ्यात चार महिने तोही बंद असतो. बोईसरच्या बाजूला तर चाळी आणि इमारतींच्या मधली मोकळी जागा दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे.

यावर आपल्याला काय करता येईल? तीन गोष्टी सांगते. तिन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिली, शाळेचे मैदान. शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप लागते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या मोठी असते. संध्याकाळी दोन तास मैदान उघडे ठेवावे, आठवड्यातले काही दिवस फक्त मुलींसाठी ठेवावेत, देखरेखीला पाळीपाळीने दोन पालक थांबतील, असा ठराव समितीत मांडता येतो. मगरिबच्या आधी मुली घरी पोहोचतील अशी वेळ ठरवली तर कितीतरी अम्मींची हरकत उरणार नाही. बसायला बाक आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह मात्र हवे. त्याशिवाय मुली येत नाहीत.

दुसरी, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. रस्ते आणि गटारांबरोबर मैदानाचा विषयही लेखी द्यावा. जागा कोणती, पाण्याचा निचरा कसा होणार आणि मुलींची वेळ कोणती, एवढे तरी त्यात असावे. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते, लेखी दिलेले इतिवृत्तात राहते.

तिसरी, विकास आराखडा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. खेळाच्या मैदानासाठी जागा आरक्षित करता येते ती तेव्हाच. पण आरक्षण पडले म्हणजे मैदान झाले असे समजू नका. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर जागेचा मालक नोटीस देऊ शकतो. मग ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण रद्द होते. नकाशावरची हिरवी चौकट कधी पुसली गेली ते कोणाला कळतही नाही. म्हणून मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकल्यासवरल्या मुलाने आपल्या भागाचा नकाशा मिळवून मैदानांची आरक्षणे आणि त्यांच्या तारखा वहीत उतरवून ठेवाव्यात. बंदर, रेल्वे आणि कारखान्यांमुळे आपल्याकडे जमिनीची मागणी वाढणार आहे. तेव्हा मैदानाची जागा आधी गेलेली असेल तर मागून मिळणार नाही.

मुलांच्या प्रश्नाला मी वर्गात उत्तर दिले, की बोईसरला वर्ल्ड कप होणे अवघड आहे, आणि झाला नाही तरी आपले काही बिघडत नाही. बिघडते ते मैदान नसल्याने. मैदान कोणाच्याही नावाचे असो, त्याला चार प्रश्न विचारावेत. सामना नसलेल्या दिवशी ते उघडे असते का? पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळात ओसरते? मुलगी तिथे एकटी चालत जाऊन एकटी परत येऊ शकते का? आणि फाटकाची किल्ली कोणाकडे असते? पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा यातला निदान शेवटचा प्रश्न विचारून या. बरोबर घरातल्या मुलीलाही न्या. उत्तर तिच्यासमोर दिले जाऊ द्या.